चौघांत वाटलेली मुळाक्षरं

धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि घरात शिकलेली सून आली, त्या वर्षीची ही गोष्ट. मिस्त्रींना आकडे येत होते. चाळीस वर्षं टेप हाताळलेल्या माणसाला आकडे येणारच. पण वर्षं मात्र ते आकड्यांनी मोजत नसत. थोरलीचं लग्न, नोकरीतून निवृत्ती, जिन्यावरून पडून गुडघा दुखावला ते वर्ष आणि सून आली ते वर्ष, असं त्यांचं कॅलेंडर होतं आणि ते कधी चुकत नसे.

मिस्त्री म्हणजे फर्निचरच्या कारखान्यातले निवृत्त हेडमिस्त्री. दाराची चौकट लांबून बघून 'डावीकडे एक सूत बाहेर आहे' म्हणायचे आणि टेप लावला की एक सूतच निघायचं. हाताखाली चौदा माणसं होती. इंजिनिअर लोक दबकत दबकत विचारायला यायचे. अशा माणसाला वाचता येत नाही, ही गोष्ट सबंध जगात दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको.

हे गुपित चाळीस वर्षं टिकलं ते एका वाक्यावर. कुणी कागद पुढे केला की मिस्त्री खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, "चष्मा घरी राहिला." समोरचा निमूट वाचून दाखवायचा. पुढे पुढे माणसं कागद आणतानाच वाचत यायची. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यातल्यांनी वर्गणी काढून त्यांना भेट काय द्यावी, तर चष्मा. एक नव्हे, दोन. 'एक घरी राहिला तरी दुसरा जवळ असावा,' असं मालक भाषणात म्हणाले. मिस्त्रींचे डोळे पाणावले. लोकांना वाटलं, प्रेमाने.

वाचनाचं खातं बायकोकडे होतं. दर गुरुवारी साप्ताहिक यायचं. संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या मांडायच्या आणि बायकोने त्यातली क्रमशः कादंबरी वाचून दाखवायची. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे. त्यांना एका गोष्टीचं नेहमी नवल वाटे. कादंबरी कुणाचीही असो, खुनाची असो की प्रेमाची, तिच्यात एक सुतार हमखास असायचा. त्याचं काम मोठं नसायचं. यायचा, अडकलेलं दार सोडवून द्यायचा, जाता जाता एखादं शहाणपणाचं वाक्य बोलायचा आणि पिशवी उचलून चालू लागायचा. पण त्याच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नसे.

"लेखक लोकांना माणसं बरोबर कळतात," मिस्त्री म्हणायचे.

"कळतात तर," असं म्हणून बायको पान उलटायची.

त्या वर्षी बायकोच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनने सुधारण्यातला हा प्रकार नाही. आहे ती नजर जपा, वाचन बंद. कादंबरी नेमकी अशा जागी थांबली होती की जुन्या बंगल्यातल्या कपाटासमोर वकील किल्ली घेऊन उभा आहे, किल्ली कुलपात गेली आहे आणि क्रमशः. वकील तसाच उभा राहिला. साप्ताहिकं येत राहिली आणि गॅलरीतल्या स्टुलावर गठ्ठा वाढत राहिला. संध्याकाळी दोघं खुर्च्या टाकून बसत आणि त्या गठ्ठ्याकडे बघत.

सून चांगल्या घरची, कामाची आणि लाघवी होती. सकाळी शाळेत भाषा शिकवायची. तिच्या हे लक्षात आलं तेव्हा ती सहज म्हणाली, "आई, बाबा आहेत की. बाबा वाचून दाखवतील." मिस्त्रींनी खिसे चाचपले आणि चाळीस वर्षांचं वाक्य उच्चारलं. सून आत गेली आणि अर्ध्या मिनिटात चष्मा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तो फळीमागे निघाला, तिसऱ्या दिवशी बुटात. चष्मा शोधण्यात या मुलीचा हातखंडा होता. चौथ्या दिवशी तिने बाजारातून एक छानशी काळी दोरी आणली, चष्म्याच्या दोन्ही दांड्यांना बांधली आणि तो सासऱ्यांच्या गळ्यात घातला. "आता हरवायचं नाव नको," ती म्हणाली.

मिस्त्री गळ्यातल्या चष्म्याकडे बघत राहिले. बायको तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला की रडायला, ते कळलं नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या हो. त्या वकिलाचं काय एवढं." आणि मिस्त्रींनी ठरवलं, काय वाटेल ते होवो, कपाट उघडायचं.

घरापासून लांब, दोन बस बदलून जावं लागे अशा भागातल्या एका शाळेत प्रौढांसाठी वाचनाचा वर्ग भरतो, हे त्यांनी हिंडून फिरून शोधून काढलं. लांब यासाठी की ओळखीचं कुणी भेटू नये. घरी सांगितलं की गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे.

शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कने चार पानी अर्ज पुढे केला. अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात भरायचा होता.

"मला लिहिता आलं असतं तर मी इथे कशाला आलो असतो?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते बरोबर आहे," क्लार्क म्हणाला, "पण नियम तसा आहे."

शेवटी त्याने उपकार केल्यासारखा अर्ज भरून दिला आणि खालचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. 'मी, खाली सही करणार, वरील सर्व मजकूर स्वतः वाचून लिहून देतो की मला लिहिता-वाचता येत नाही.' याखाली दोन साक्षीदार हवे होते, अर्जदाराला वाचता येत नाही हे खात्रीने जाणणारे. मिस्त्रींचं धाबं दणाणलं. जगात असा साक्षीदार एकच होता आणि तिला आणणं शक्य नव्हतं. तेवढ्यात बाकावर बसलेला एक वाळका, कडक कॉलरचा माणूस म्हणाला की त्याचीही तीच पंचाईत आहे. तो चौकातला इस्त्रीवाला होता. त्याच्या पलीकडे खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या एक धिप्पाड मावशी आणि त्यांच्या पलीकडे गोदामाचा वॉचमन, खाकी कपड्यात, मुकाट. चौघांनी एकमेकांच्या अर्जांवर साक्षीदार म्हणून अंगठे उठवले. चार अर्ज, बारा अंगठे. क्लार्कने शिक्का मारताना बजावलं, "खोटी माहिती दिल्याचं आढळलं तर प्रवेश रद्द होईल."

वर्ग सोमवार, बुधवार आणि शनिवार, दुपारी साडेचार ते सहा. पहिल्या दिवशी अठ्ठावीस माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. मिस्त्री बाकाची खिळवण किती ढिसाळ आहे ते बोटाने बघत होते, इतक्यात बाई वर्गात आल्या. मिस्त्रींनी मान वर केली. दारात त्यांची सून उभी होती.

तीही चमकली. हातातला खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे झाले. आता 'शाळेचं जास्तीचं काम' म्हणून आठवड्यातून तीन दिवस बाहेर जावं लागेल, असं तिने घरी सांगितलं होतं. कसलं, कुठे, हे मिस्त्रींनी कधी विचारलं नव्हतं. सुनांना असलं विचारू नये असं त्यांचं मत होतं. ते मत त्यांनी त्या क्षणी बदललं. पळून जावं तर गुडघे बाकात अडकलेले. पण सून खडू उचलून म्हणाली, "मी तुमची बाई. तुम्ही इथे नवीन आहात, मीही नवीन आहे. सांभाळून घेऊ." हजेरी घेताना त्यांच्या नावाशी ती जराशी थांबली आणि पुढे गेली.

रात्रीच्या जेवणाला तिने नेहमीसारखं पान वाढलं. "बाबा, फिरून आलात? गुडघा काय म्हणतोय?"

"आहे," मिस्त्री म्हणाले.

"पहिले दिवस दुखणारच. सोडू नका मात्र."

एवढंच. त्यानंतर घरात गुडघ्याची चौकशी रोज होऊ लागली, आणि बायकोला सुनेचं फार कौतुक वाटू लागलं.

आता बाईंची पद्धत. नुकत्याच एका शिबिरात जाऊन त्या ती शिकून आल्या होत्या आणि मुख्याध्यापकांशी भांडून त्यांनी ती वर्गात आणली होती. चौघाचौघांचे गट करायचे. मुळाक्षरांचे चार वाटे करायचे. एकेकाने एकेक वाटा घेऊन त्यात तरबेज व्हायचं आणि मग आपापल्या गटात बसून उरलेल्या तिघांना तो शिकवायचा. मार्क एकट्याला नाहीत, गटाला. बाईंनी विचारलं, समजलं का? सगळ्यात आधी मिस्त्रींनी मान हलवली. त्यात न समजण्यासारखं होतंच काय. कारखान्यात हेच चालायचं. एक कापणार, एक रंधणार, एक सांधे बसवणार, एक पॉलिश मारणार. चौघांचं मिळून एक कपाट.

बारा अंगठ्यांनी बांधलेले ते चौघे एका गटात आले. मिस्त्रींनी देखरेखीची सवय असल्यामुळे वाटणी केली. क पासून ञ पर्यंत स्वतःकडे, ट पासून न पर्यंत इस्त्रीवाल्याकडे, अ-आ आणि काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे मावशींकडे. वॉचमन ड्युटी संपवून उशिरा आला, म्हणून प पासून ज्ञ पर्यंतचा सगळा माल त्याच्या गळ्यात पडला. त्याने बोटं मोजली, सोळा भरली. पुढे महिनाभर त्याचा चेहरा सोळा अक्षरांचाच होता. मिस्त्रींच्या दहांतले ङ आणि ञ तर कधी कामावर आलेच नाहीत. त्यांना ते पगारी रजेवरचे म्हणायचे.

इथवर ठीक. घोळ पुढे झाला. शिकवायची वेळ आली तेव्हा चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्याने ठरवलं की तसलं काही करायचं नाही. यात आळस नव्हता, रीत होती. पॉलिशवाल्याला सांधे शिकवणारा मिस्त्री जगात झाला नाही. सांधेवाल्याने मग खायचं काय? इस्त्रीवाल्याने खळीचं प्रमाण सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं. मावशींच्या हाताचा अंदाज खानावळीच्या मालकाने तेवीस वर्षं विचारला, आणि मावशी तेवीस वर्षं 'अंदाजानेच हो' म्हणत आल्या. आपली कला दुसऱ्याला द्यायची म्हणजे आपल्या हाताने आपलं स्टूल काढून घ्यायचं. तेव्हा प्रत्येकाने आपली अक्षरं घोटून घोटून पक्की केली आणि दुसऱ्याच्या अक्षरांकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते बरं दिसलं नसतं.

आणि गंमत अशी की ते वाचू लागले. बाईंनी फळ्यावर 'कपाट' लिहिलं की मिस्त्री क म्हणायचे, वॉचमन प म्हणायचा, मावशी त्यावर काना ठेवायच्या आणि इस्त्रीवाला ट ठोकून दार लावायचा. महिन्याभरात इतका सफाईदारपणा आला की लांबून ऐकणाऱ्याला एकच माणूस वाचतो आहे असं वाटावं. बाकीचे सहा गट अजून एकमेकांना शिकवत, चुकत, भांडत बसलेले. बाई खूश झाल्या. घरी नवऱ्याला सांगताना मिस्त्रींनी ऐकलं, "माझ्या वर्गात एक गट आहे ना, नुसता पळतोय." मिस्त्रींची छाती दोन सूत फुगली.

रुसवेफुगवेही होते. एखाद्या ओळीत ट ते न मधलं काहीच आलं नाही की इस्त्रीवाला दिवसभर घुम्यासारखा बसे. मावशींचा रुबाब तर विचारू नका. मात्रांवाचून शब्द उभाच राहत नाही, हे त्यांना पहिल्या आठवड्यात कळलं होतं. त्या पाणी प्यायला गेल्या की तिघांनी तोंड मिटून थांबायचं.

मिस्त्रींना वाटलं, झालं, आता वाचता येतं. एका गुरुवारी घरी कुणी नसताना त्यांनी गठ्ठ्यातला अंक काढला, चष्मा चढवला आणि वकिलाच्या पानावर बोट ठेवलं. क दिसला. पुढे अंधार. पुढे च. पुढे पुन्हा अंधार. चार अक्षरांत एखादं ओळखीचं निघे, भरगच्च बसमध्ये एखादा ओळखीचा चेहरा दिसावा तसं. त्यांनी अंक मिटला. पण हेडमिस्त्री तो हेडमिस्त्री. माल एका माणसाच्या आवाक्यात नसेल तर टोळी आणायची.

पुढच्या गुरुवारी दुपारी टोळी घरी आली. सून शाळेच्या सभेला, मुलगा कामावर. बायकोला काय सांगावं हा प्रश्न होता. मिस्त्रींनी खाली मान घालून सांगून टाकलं, "वाचायला आलेत. म्हणजे आम्ही. चौघं मिळून." बायको म्हणाली, "तरीच बाहीला खडू असतो," आणि चार कप चहा टाकायला गेली.

गॅलरीत वाचन सुरू झालं. खाकी कपड्यातला वॉचमन जागेअभावी दारातच उभा राहिला होता. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड साहेबांनी खाली डोकावून बघितलं आणि पाच मिनिटांत ते जिन्यात हजर झाले. हे साहेब आधीपासूनच मिस्त्रींच्या आठवड्यातून तीनदा ठरल्या वेळी बाहेर जाण्यावर लक्ष ठेवून होते आणि हे डायलिसिसला जातात, असं मूत्रपिंडाचं निदान त्यांनी बिल्डिंगमध्ये पसरवलं होतं. आता दारातल्या वॉचमनला पोलीस समजून त्यांनी निदान बदललं. मिस्त्रींचा हात धरून ते म्हणाले, "काही झालं तरी सही करू नका. आणि जबाब देताना 'मला आठवत नाही' एवढंच म्हणा." मिस्त्री म्हणाले, असं काही नाही, हे मित्र आहेत, कादंबरी वाचतो आहोत. साहेबांनी डोळा मिचकावला. "हेच सांगा," ते म्हणाले.

दोन तासांत चौघांनी अकरा ओळी वाचल्या. वकिलाच्या कपाळावरचा घाम पुसून झाला, किल्लीचं वर्णन झालं आणि 'व' वर वॉचमनची बस निघायची वेळ झाली.

"छान वाचलंत," बायको म्हणाली. "पण या हिशेबाने कपाट उघडेपर्यंत माझी पुरती नजर जाईल, नाहीतर मी तरी."

ती हसली म्हणून सगळे हसले. मिस्त्रींना मात्र ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं.

आणि त्याच आठवड्यात मावशी खानावळीच्या ओल्या फरशीवर घसरल्या. मांडीचं हाड. सरकारी दवाखाना, पायाला प्लॅस्टर, वर वजन बांधलेलं, दीड महिना हलायचं नाही. शनिवारी वर्गात बाईंनी फळ्यावर उतारा लिहिला आणि लाडक्या गटाला उभं केलं, कारण दहा दिवसांनी शिक्षण खात्याचे तपासणीस येणार होते आणि नवी पद्धत ठेवायची की गुंडाळायची हे ते ठरवणार होते. तिघे उभे राहिले आणि त्यांनी वाचलं ते असं की कुणी भिंत बांधावी आणि गिलावा, खिडक्या, दारं सगळं विसरावं. बाईंनी एकेकाला वेगळं वाचायला सांगितलं. मग हळूहळू त्यांना उलगडा झाला आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"मला वाटत होतं मी चार माणसांना वाचायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "मी एकालाच शिकवलं. आणि त्याचे चार तुकडे करून तुम्ही वाटून घेतलेत."

मिस्त्रींनी कारखान्याची रीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. एक कापतो, एक रंधतो. ऐकता ऐकता सुनेचा तोल गेला. "अहो बाबा, कारखान्यात कपाट तयार करायचं असतं. इथे कारागीर तयार करायचाय."

बाबा? सत्तावीसमधली जी हजर होती ती सगळी डोकी मिस्त्रींकडे वळली. इस्त्रीवाला म्हणाला, "म्हणजे बाई तुमच्या…" आणि मिस्त्रींना जमीन दुभंगावी असं वाटलं. चाळीस वर्षं जपलेली अब्रू, गळ्यात चष्मा, समोर सून. पण जग काही कोसळलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी एवढंच म्हणालं की मग मिस्त्री, घरी जरा शब्द टाका, गृहपाठ फार देतात.

सोमवारी तिघे दवाखान्यात गेले. नर्स म्हणाली, एका पेशंटजवळ दोनच माणसं. वॉचमन बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिला. मिस्त्रींनी मावशींना सरळ विनवलं. आम्हाला काना-मात्रा शिकवा, आमचं आम्ही वाचतो, आठच दिवस हातात आहेत.

मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग त्या बोलल्या. "तेवीस वर्षं मी वाढते आणि लोक ताटाकडे बघतात. तुमच्या त्या बाकावर पहिल्यांदा कुणी माझ्या तोंडाकडे बघून थांबलं. तेही देऊन टाकू? मग हा पाय बरा होवो न होवो, मला बोलवायला कोण येणार आहे?"

इस्त्रीवाला खिडकीकडे बघू लागला. हे सगळं मिस्त्रींना आतून माहीत होतं. कारखान्यात एका पोराला त्यांनी सांधा शिकवला नव्हता, तो याच भीतीने. ते पलंगाच्या कडेला बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि मावशींच्या प्लॅस्टरवर क काढला.

"हा माझा," ते म्हणाले. "मध्ये उभा दांडा, दोन्हीकडे दोन कान. कपाटाची मूठ असते ना, तशी. घ्या. आधी माझे सगळे घ्या. तुमचं द्यायचं की नाही ते मग बघा."

त्यांनी दहाही अक्षरं दिली, रजेवरचे दोघेसुद्धा. मग इस्त्रीवाल्याने घसा साफ करून आपली काढली. ठ म्हणजे गोल बटण, ढ म्हणजे वळलेली कॉलर. खिडकीबाहेरून वॉचमनने आपली सोळा एका दमात म्हणून टाकली, इतकं मोठ्याने की पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाई म्हणाल्या, आता माझंही पाठ झालं. दोन दिवस मावशी नुसत्या घेत राहिल्या. तिसऱ्या दिवशी प्लॅस्टरवर जागा उरली नव्हती. नर्सने वजन तपासता तपासता विचारलं की हे काय आहे, तेव्हा मावशी म्हणाल्या, "माझी माणसं आहेत." आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "इकडे या. काना म्हणजे भांड्याशेजारी उभा ठेवलेला डाव. पहिली वेलांटी डाव्या हाताने वाढायची, दुसरी उजव्या हाताने. लक्ष द्या, परत सांगणार नाही." परत त्यांनी पन्नास वेळा सांगितलं.

तपासणीस आले ते तिरसट गृहस्थ होते. गट वगैरे त्यांनी मोडीत काढलं. त्यांच्या फॉर्मवर एकाच परीक्षार्थीच्या नावाला जागा होती. एकेकाने पुढे यायचं. पुस्तकातलं पाठ केलेलं असतं म्हणून त्यांनी पुस्तक बाजूला सारलं आणि समोरच्या फायलीतून हाताला लागेल तो कागद ओढून मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्रींनी चष्मा लावला. दोरी गळ्यात होती, सून भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी अडखळत, बोट ठेवत, पण एकट्याने वाचलं.

"मी, खाली सही करणार, वरील सर्व मजकूर स्वतः वाचून लिहून देतो की मला लिहिता-वाचता येत नाही."

तपासणीसांनी कागद परत घेऊन बघितला. खाली तीन अंगठे होते. क्लार्कने पुढे होऊन नम्रपणे निदर्शनास आणलं की अर्जातली माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होतो. तपासणीसांनी त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की तो परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. वर्ग चालू राहिला. मावशींची परीक्षा तपासणीसांनी दवाखान्यात जाऊन घेतली. त्यांनी प्लॅस्टर वाचून दाखवलं.

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्रींनी गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. त्याआधी दुपारी, हात साफ व्हावा म्हणून, त्यांनी मागचा, बायकोने आधीच वाचून दाखवलेला अंक काढला होता. त्यात सुताराचं एक फर्मास वाक्य होतं, 'वकीलसाहेब, कुलपाशी झटापट करू नये, त्याचं ऐकावं.' ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायची त्यांना फार हौस होती. त्यांनी पान दोनदा वाचलं. वाक्य नव्हतं. सुतारही नव्हता. त्यांनी त्याच्या मागचा अंक काढला, मग त्याच्याही मागचा. माळ्यावरून जुनी कादंबरी काढली. दार होतं, ते वाऱ्याने आपोआप उघडत होतं. कुठल्याच लेखकाला सुतार माहीत नव्हता.

मिस्त्री माळ्याच्या शिडीवर बराच वेळ बसून होते.

संध्याकाळी त्यांनी वाचायला घेतलं. सून दाराशी येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. वकिलाने किल्ली फिरवली. कपाट उघडलं. आत जुने कपडे निघाले आणि एक पत्र. क्रमशः. सगळं मिळून पंचवीस ओळी. मिस्त्री थांबले. बायको डोळे मिटून बसली होती. तिने डोळे उघडले नाहीत.

"एवढंच?" ती म्हणाली.

मिस्त्रींनी चष्मा सारखा केला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि कोऱ्या समासावर बोट ठेवून वाचलं, "इतक्यात सुतार आत आला. त्याने कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाला, वकीलसाहेब, कपाट ज्याने उघडलं त्याचं नसतं. ज्याने इतके दिवस मिटून सांभाळलं त्याचं असतं."

सुनेला मागून पान दिसत होतं.

बायकोने पदराने डोळे टिपले. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब घालायची वेळ झालीच होती. "आता येतंय तुम्हाला वाचता," ती म्हणाली.

पुढे मावशी काठी टेकत वर्गावर परत आल्या आणि नव्या गटांना काना-मात्रा शिकवू लागल्या. दर गुरुवारी गॅलरीतलं वाचन चालू राहिलं. त्या काळात साप्ताहिकात सहा कादंबऱ्या आल्या आणि सहाही कादंबऱ्यांत सुतार होता. मिस्त्रींची बायको चौथ्या वर्षी, मार्च महिन्याच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी वारली. नोंदीचा अर्ज मिस्त्रींनी स्वतःच्या हस्ताक्षरात भरला.